एसएलआय जोडीतील दोन जीटीएक्स १०७० : सोलापुरातील काही महिन्यांच्या वापरानंतर

जानेवारीतील गड्ड्याची यात्रा उलगडत असताना मी एनव्हिडियाची जीटीएक्स १०७० ही दोन वापरलेली ग्राफिक्स कार्डे घेतली, एसएलआय (दोन कार्डांना एकाच गेमसाठी एकत्र राबवण्याची सोय) ब्रिजने जोडली आणि तेव्हापासून ती रोजच्या वापरात आहेत. दोन्हींची मिळून किंमत नव्या मध्यम प्रतीच्या एका कार्डाहून बरीच कमी होती आणि कागदावर ताकद जास्त दिसत होती. कार्डे चांगली निघाली. त्रास झाला तो एकाच गेमसाठी दोघांना एकत्र राबवण्याचा, आणि त्याचे कारण सापडायला उन्हाळा उजाडला.

तक्रार अशी होती की जीटीए फाइव्ह या गेममध्ये फ्रेमरेटचा (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रे, दिसतात त्याचा) आकडा नव्वदीच्या आसपास दिसे, पण भर वेगात गाडी वळवली की चित्र हिसके देई. एकाच कार्डावर आकडा कमी असूनही खेळ अधिक सलग वाटत होता. एसएलआयमध्ये दोन्ही कार्डे आळीपाळीने फ्रेम तयार करतात. विषम फ्रेम एकाची, सम फ्रेम दुसऱ्याची. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर दर १६.७ मिलिसेकंदांनी एक फ्रेम पडद्यावर यायला हवी. पण एक फ्रेम ५ मिलिसेकंदांनी आणि पुढची २८ मिलिसेकंदांनी आली, तरी सरासरी साठच भरते. सरासरीला याचा पत्ता लागत नाही, डोळ्यांना मात्र लगेच लागतो. एमएसआय आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर या कार्डावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख पडद्याच्या कोपऱ्यात लावला, तेव्हा एका कार्डावर जवळजवळ सरळ असणारी रेघ दोन कार्डांवर करवतीच्या दातांसारखी झाली. अशा तक्रारीत फ्रेमरेटचा आकडा बाजूला ठेवून आधी हा आलेख पाहावा, असे माझे ठाम मत आहे.

तपासाची सुरुवात कार्डे वेगळी करण्यापासून केली. प्रत्येक कार्ड एकेकटे, त्याच वरच्या स्लॉटमध्ये लावून तोच गेम चालवला. दोन्ही निर्दोष ठरली. मग स्लॉट तपासले. माझ्या झेड १७० चिपसेटच्या मदरबोर्डवर प्रोसेसरकडून येणाऱ्या १६ पीसीआय एक्सप्रेस लेन (माहितीची ये-जा करणाऱ्या वाटा) दोन कार्डे लावताच आठ-आठ अशा वाटल्या जातात, आणि एसएलआयला किमान तेवढ्या लागतातच. स्वस्त बोर्डांवर दुसरा लांब स्लॉट बहुधा चिपसेटमार्फत चारच लेनवर चालतो, त्यामुळे दोन लांब स्लॉट दिसले म्हणून बोर्ड घेऊ नये. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे पाहताना तेथील रेंडर टेस्ट सुरू ठेवावी लागते, कारण रिकामे बसलेले कार्ड वीज वाचवण्यासाठी स्लॉटचा वेग उतरवते आणि नसलेला दोष दिसू लागतो.

खरा घोळ उष्णतेचा होता. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या वर असतो, आणि पत्र्याखालच्या खोलीत तर दुपारी खिडकी उघडी ठेवली काय नि बंद ठेवली काय, सारखेच. दोन कार्डे एकमेकांना खेटून बसल्यामुळे वरच्या कार्डाचे पंखे खालच्या कार्डाची तापलेली हवाच ओढून घेतात. खालचे कार्ड सत्तरीच्या थोडे वर असताना वरचे ८३ अंशांच्या मर्यादेला टेकत असे आणि स्वतःचा वेग उतरवत असे. आळीपाळीच्या कामात एक रेंगाळला की दुसऱ्यालाही थांबावे लागते. त्यात आमचे घर पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी. कॅबिनेटची पुढची जाळी काढली तेव्हा तिच्यावर सुताच्या बारीक तंतूंचा करडा थर बसला होता; बोटाने ओढल्यावर तो टॉवेलच्या चिंधीसारखा अखंड निघून आला. कार्डांच्या हीटसिंकच्या पात्यांमध्येही तेच. दोन्ही कार्डे उघडून ब्लोअरने स्वच्छ केली, थर्मल पेस्ट बदलली, कॅबिनेटच्या बाजूला एक पंखा वाढवला आणि आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने ओढायच्या विजेची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणले. शेवटच्या उपायाने फ्रेमरेट जेमतेम घटला, पण वरचे कार्ड मर्यादेपासून बरेच खाली आले आणि आलेखातील मोठे सुळके गेले. बारीक दाते तेवढे उरले. जाळी आता दर पंधरवड्याला झाडावीच लागते.

विजेबद्दल थोडक्यात. प्रत्येक कार्डाला १५० वॅट लागतात, त्यात प्रोसेसरची भर पडते. साडेसातशे वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर), दोन्ही कार्डांना वेगवेगळ्या केबल देऊन, काही अडचण आली नाही. मात्र घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस एवढा भार पेलत नाही. गेम चालू असताना वीज गेली की तो बॅटरीवर जाण्याऐवजी कर्कश ओरडून सगळेच बंद करी.

उरलेले दाते सॉफ्टवेअरचे होते. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये एसएलआय सुरू केले म्हणजे गेम दोन्ही कार्डे वापरतोच असे नाही. त्या गेमसाठी ड्रायव्हरमध्ये प्रोफाइल (दोन कार्डे कशी वापरायची याची नोंद) असावे लागते, आणि आरटीएक्स २० मालिका व त्याआधीच्या कार्डांसाठी नवी प्रोफाइल देणे कंपनीने १ जानेवारी २०२१ पासून थांबवले. डायरेक्टएक्स (गेम आणि कार्ड यांच्यातील विंडोजचा दुवा) १२ मध्ये तर ही जबाबदारी गेम बनवणाऱ्यांवरच येते आणि फारच थोड्यांनी ती घेतली. सायबरपंक २०७७ मध्ये म्हणूनच माझे दुसरे कार्ड नुसते बसून असते. द विचर ३ मध्ये डिसेंबर २०२२ च्या मोठ्या अपडेटनंतर डायरेक्टएक्स १२ आले असले, तरी सुरुवातीला डायरेक्टएक्स ११ निवडल्यास दोन्ही कार्डे कामाला लागतात. तेथे अँटी-अलायझिंग (चित्रातील खडबडीत कडा गुळगुळीत करणे) बंद केल्यावर चित्र बरेच सलग झाले. हे तंत्र मागच्या फ्रेममधील माहिती वापरते, आणि मागची फ्रेम दुसऱ्या कार्डाकडे असल्यामुळे ती आणण्यात वेळ जातो. बॉर्डरलेस विंडोऐवजी पूर्ण पडदा ठेवणे आणि दोन्ही कार्डांना सतत झेपेल एवढ्यावर, माझ्याकडे ७० वर, फ्रेमरेट बांधणे, या दोन उपायांनी जीटीए फाइव्हमधील हिसके जवळपास नाहीसे झाले. नव्वदचा मोह सोडावा लागला, इतकेच.

विकणारे ‘आठ आणि आठ, सोळा जीबी’ असे सर्रास सांगतात, ते खरे नाही. दोन्ही कार्डांच्या मेमरीत तोच मजकूर ठेवावा लागतो, म्हणून गेमच्या वाट्याला आठच जीबी येतात. शिवाय ऑक्टोबर २०२५ नंतर या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळणेही बंद झाले असून केवळ सुरक्षेची अपडेट येत राहणार आहेत.

सध्या एसएलआय फक्त या दोन जुन्या गेमपुरते चालू करतो. एरवी ते बंद असते आणि नवे गेम एकाच कार्डावर खेळतो. दुसरे कार्ड विकलेले नाही, कारण धाकटा भाऊ ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये टॉवेलच्या डिझाइनची चित्रे रेंडर करतो, आणि तेथे दोन्ही कार्डे एसएलआयशिवाय आपापला वाटा स्वतंत्रपणे उचलतात. या कामात वेळ निम्म्याच्या जवळ येतो. केवळ गेमसाठी अशी जोडी घेऊ पाहणाऱ्याला मी एकच बरे कार्ड घ्यायला सांगेन. एक १०७० आधीच घरात असेल, तरीही.