इलेक्टोरल की पॉप्युलर? नदीच्या अलीकडून

यंदाच अमेरिकेचा सिटिझन झालेला एक मित्र परवा विचारत होता, प्रेसिडेंट निवडायला इलेक्टोरल बरं की सरळ पॉप्युलर व्होट, तू कुठल्या बाजूचा? इलेक्टोरल म्हणजे राज्याराज्यांना वाटून दिलेली 538 मतं, त्यातली 270 मिळाली की प्रेसिडेंट; पॉप्युलर म्हणजे देशभरच्या लोकांची सरळ मतं. एवढं त्याला माहीत होतंच.

मी राहतो न्यू जर्सीत. दादा-वहिनी डेलावेअर नदीपलीकडे, पेनसिल्व्हेनियात, बक्स काउंटीला. 2024 च्या दिवाळीआधीच्या रविवारी त्यांच्याकडे गेलो, तर मेलबॉक्समध्ये आदल्या एका दिवसाचे नऊ फ्लायर, हे एवढाले, जाड, गुळगुळीत. वहिनी चकल्या तळत होती, म्हणाली मेला हा कागद तेलसुद्धा शोषत नाही, नाहीतर एवढे आले होते की निथळायला तरी वापरले असते. दोन तासांत तीनदा बेल वाजली, तिन्ही वेळा प्रचारवाले. आणि माझ्याकडे? अख्ख्या सीझनमध्ये कुत्रं फिरकलं नाही. एक फ्लायर आला तो स्कूल बोर्डाचा.

कारण उघड आहे. पेनसिल्व्हेनियाची 19 इलेक्टोरल मतं कुठे जातील कुणालाच माहीत नसतं, आमची 14 मात्र 1992 पासून दरवेळी डेमोक्रॅटच्या खिशात. एका मताने जिंका नाहीतर पाच लाखांनी, 14 ची 14 एकालाच, मग इथे कशाला कोण येतोय. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं थोडी वाटणी करतात, बाकी सगळीकडे हेच.

आता इलेक्टोरलची बाजू अगदीच लंगडी आहे असं नाही हं. 2000 साली फ्लोरिडात 537 मतांच्या फरकावर निकालाची गाडी अडली, पण निदान घोळ एकाच राज्यात होता. देशभरची मतं मोजून तेवढी चुरस झाली तर 50 राज्यांत रिकाउंट, 50 राज्यांत वकील, ही भीती मला खरी वाटते. छोट्या राज्यांना आवाज मिळतो हे मात्र फारसं पटत नाही, वायोमिंगला तीन मतं आहेत पण तिथे तरी प्रचाराला कोण जातं?

आपल्याकडे राष्ट्रपतीही असेच निवडतात ना, असं मित्राचं म्हणणं. निवडतात, पण तिथे आमदाराच्या मताची किंमत लोकसंख्येवर ठरते, महाराष्ट्राच्या आमदाराची 175, सिक्कीमच्या 7, आणि राज्याची सगळी मतं एकाच्याच पदरात असला प्रकार नाही.

शिवाय हे एकाच पार्टीचं रडगाणं आहे असंही समजू नका. 2016 ला डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन अठ्ठावीस लाखांनी पुढे असून हरल्या हे सगळे सांगतात, पण 2004 ला ओहायोत साधारण साठ हजार लोकांनी मत फिरवलं असतं तर देशभरात तीस लाखांनी मागे असलेले डेमोक्रॅटच केरी प्रेसिडेंट झाले असते, तेव्हा बोंब रिपब्लिकन बाजूने झाली असती.

तर माझं आपलं पॉप्युलरकडे झुकतं माप, रिकाउंटची धाकधूक धरूनसुद्धा. मित्र पेनसिल्व्हेनियात घर घेतोय, त्याला कदाचित उलटं वाटेल. न्यू जर्सीने तर 2008 लाच राज्याराज्यांमधल्या एका करारावर सही केलीये, की देशात ज्याला जास्त मतं त्याला आमची 14, पण सामील राज्यांच्या इलेक्टोरल मतांची बेरीज 270 झाल्याशिवाय तो लागू होत नाही. तोवर प्रचार बघायचा तर पूल ओलांडून वहिनीकडे जायचं, चकल्याही मिळतात.