भाड्याने द्यायच्या फ्लॅटला विमा कोणता? सोसायटीचा, ‘भारत गृह रक्षा’ की पॅकेज पॉलिसी

नाशिकमध्ये इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड या भागात दुसरा फ्लॅट घेऊन तो भाड्याने देणारे पुष्कळ आहेत. लिव्ह अँड लायसन्स करार, पोलिस पडताळणी, डिपॉझिट हे सगळं ते चोख करतात. विम्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘सोसायटीचा आहे ना’, नाहीतर ‘बँकेने लोनबरोबर काढलाय’. दोन्ही उत्तरं तपासून घ्या.

आधी बँकेचं. लोनच्या वेळी कापलेला प्रीमियम पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याच्या विम्याचा असतो. कर्जदाराचं काही बरंवाईट झालं तर त्यातून कर्ज फिटतं. स्वयंपाकघर जळालं तर त्यातून एक रुपया मिळत नाही. विमा घराचा की माणसाचा, हे पॉलिसीच्या पहिल्याच पानावर कळतं.

सोसायटीची गोष्ट थोडी वेगळी. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, इमारतीचा विमा उतरवणं हे सोसायटीचं काम आहे, आणि तो असेल तर चांगलंच. पण त्यात साधारणपणे भिंती, स्लॅब, जिना, लिफ्ट एवढंच धरलेलं असतं. तुम्ही पैसे घालून बसवलेलं मॉड्युलर किचन, कपाटं, एसी, गिझर सहसा त्यात नसतात, आणि बुडालेलं भाडं तर नसतंच. सचिवांकडून पॉलिसीची प्रत मागून घ्या आणि विमा रक्कम आजच्या बांधकाम खर्चाला पुरते का ते बघा.

आता ‘भारत गृह रक्षा’. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या आदेशाने १ एप्रिल २०२१ पासून ही प्रमाणित पॉलिसी बाजारात आली. मूळ मजकूर सगळ्या कंपन्यांचा सारखाच, त्यामुळे तुलना करायची ती प्रीमियमची आणि दाव्याच्या सेवेची. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं तिच्यात येतं. घरमालकाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट पुढे आहे: अशा घटनेने घर राहण्याजोगं उरलं नाही, तर दुरुस्तीच्या काळात बुडालेलं भाडंही मिळू शकतं. भाडेकरूने थकवलेलं भाडं मात्र यात येत नाही. तिथे डिपॉझिट आणि करारनामाच कामाचा.

रकमेत लोक हमखास गल्लत करतात. विमा बांधकामाचा असतो, जागेच्या भावाचा नाही. समजा कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ, ७०० चौरस फूट आणि बांधकामाचा खर्च २,५०० रुपये फूट, तर इमारतीची रक्कम १७ लाख ५० हजार. फ्लॅट पन्नास लाखांना विकला जात असला तरी पन्नास लाखांचा प्रीमियम भरायचं कारण नाही. इमारत आणि सामान दोन्हींचा विमा घेतला की सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप धरले जातात. इथे ते साडेतीन लाख होतात. तुमचं सामान त्याहून महागाचं असेल तर यादी देऊन रक्कम वाढवून घ्या.

या पॉलिसीची उणीव चोरीची. विमा असलेल्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरीच ती धरते, म्हणजे आग लागली आणि त्या गडबडीत सामान गेलं तर. एरवीच्या घरफोडीला पॅकेज पॉलिसी किंवा वेगळं कव्हर लागतं. पॅकेजमध्ये घरफोडी, उपकरणांचा बिघाड आणि तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीची जबाबदारी हे भाग जोडता येतात. तुमच्या बाथरूमचा पाइप फुटून खालच्यांचं छत खराब झालं तर हा शेवटचा भाग उपयोगी पडतो. पण घरफोडीच्या कव्हरला सहसा कुलूप तोडल्याच्या, जबरदस्तीने शिरल्याच्या खुणा लागतात. भाडेकरूच टीव्ही घेऊन गेला तर तो दावा बसणं कठीण.

माझं मत स्पष्ट आहे. रिकामा फ्लॅट कुटुंबाला देत असाल तर ‘भारत गृह रक्षा’ पुरे. अंबड-सातपूरच्या कंपन्यांतल्या नोकरदारांना पूर्ण फर्निश्ड देत असाल तर पॅकेजचे जास्तीचे पैसे मोजा. गोदावरीजवळ तळमजल्यावर घर असेल तर पुराच्या कव्हरशिवाय एक पावसाळाही काढू नका. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीपाशी पाणी किती चढलं होतं हे नाशिककराला सांगायला नको. भिंतीतली जुनी ओल मात्र कुठलीच पॉलिसी भरून देत नाही.

सिंहस्थ कुंभमेळ्याचा विचार वेगळा करावा लागेल. ३१ ऑक्टोबर २०२६ चं ध्वजारोहण आणि २०२७ मधली अमृतस्नानं डोळ्यांपुढे ठेवून काहीजण फ्लॅट दिवसाच्या भाड्याने द्यायच्या विचारात आहेत. घरगुती पॉलिसी राहत्या घरासाठी असते. रोज नवे पाहुणे आले की कंपनी तो व्यवसाय धरू शकते आणि दावा अडतो. आधी कंपनीला लेखी विचारा, उत्तर आल्यावरच बुकिंग घ्या.

भाडेकरूचं सामान तुमच्या पॉलिसीत येत नाही हेही त्यांना आधीच सांगा. त्यांना फक्त सामानाचा विमा स्वतंत्र घेता येतो.

किल्ली देताना एक काम मन लावून करा. प्रत्येक खोलीचे फोटो, वीज मीटरचं रीडिंग, एसी-गिझरचे सिरियल नंबर असलेली यादी दोघांच्या सह्यांनी करारनाम्याला जोडा. दाव्याच्या वेळी नुकसान तपासायला सर्व्हेअर आला की वस्तू तुमची होती हे दाखवायला हाच कागद कामी येतो. घर भाड्याने दिल्याचं कंपनीला ईमेलने कळवा, आणि भाडेकरू सोडून गेल्यावर घर बंद राहणार असेल तर तेही. कंपनीचं उत्तर कराराच्याच फाइलमध्ये लावून ठेवा.