बीगलच्या पिल्लापायी २९,३५० रुपये गेले, पिल्लूही गेलं

सांगायची लाज वाटतेय पण अजून कोणाचं असं होऊ नये म्हणून लिहितेय. मुलगा दोन वर्षं बीगल जातीच्या कुत्र्यासाठी मागे लागला होता, फेसबुकवर जाहिरात दिसली, १८,००० रुपये. ५,००० आधी जीपे केले, तिथेच पहिली चूक, पिल्लू बघितल्याशिवाय एक रुपया पाठवू नका.

विकणारा म्हणाला फार्म मुळशीला आहे, "तुम्हाला लांब पडेल ताई, मीच आणतो" म्हणून कात्रज चौकात बोलावलं. गाडीच्या डिकीत खोकं, खोक्यात चार पिल्लं. आई कुठाय विचारलं तर म्हणे फार्मवर, व्हिडिओ पाठवतो. हातात घेतलं तर इतकं हलकं, दातसुद्धा नीट आलेले नाहीत आणि हा म्हणतोय ६० दिवसांचं! मला दिसलं होतं हो. तरी उरलेले १३,००० रोख दिले, कारण मुलाने तोपर्यंत त्याला छातीशी धरलं होतं, त्याच्या हातून काढून परत खोक्यात ठेवायचं कसं? लसीच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर नाही, डॉक्टरचा सही-शिक्का नाही, नुसती पेनाने तारीख. असं कार्ड दिसलं की सरळ घरी या.

तिसऱ्या दिवशी उलट्या, मग रक्ताची शी. पार्वो, म्हणजे कुत्र्यांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार. चार दिवस सलाईन, ११,३५० बिल, पाचव्या दिवशी पहाटे गेलं. डॉक्टर म्हणाले जेमतेम पाच आठवड्यांचं असेल.

चौकीत गेलो तर "कुत्र्याची कसली तक्रार, पावती आहे का?" पावती कोण देतंय चौकात! तिथून पशुसंवर्धनवाल्यांकडे, ते म्हणे पोलिसांकडे जा, महापालिकेत गेले तर आम्ही फक्त कुत्रा पाळायचं लायसन्स देतो. तीन हाफ डे टाकले मी यात. अहो २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, दुकानांसाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत, मी प्रिंट काढून टेबलावर ठेवली तर साहेबांनी वाचलीसुद्धा नाही, मग नियम केले कोणासाठी? विकणाऱ्याकडे नोंदणीचा कागद आधी मागा, टाळाटाळ केली की नंबर ब्लॉक करा.

त्याचा फोन आता बंद. काल तेच चार पिल्लांचे फोटो दुसऱ्या नावाने दिसले, १६,५०० ला. स्क्रीनशॉट काढलेत, सोमवारी परत चौकीत जाणार आहे.