दहा प्रश्न, निकाल एकच

लेक दोन वर्षांची, ताटासमोर बसली की तोंड फिरवायची. त्याच काळजीत असताना फोनवर जाहिरात दिसली: दहा प्रश्नांची उत्तरं द्या, बाळाला व्हिटॅमिन ए पुरेसं मिळतंय का ते कळेल. ‘अंधारात अडखळते का?’ असा एक प्रश्न होता. दोन वर्षांचं मूल भर उजेडातही अडखळतं, पण मी ‘हो’ केलं. निकाल लाल अक्षरांत आला, ‘तीव्र कमतरता’. लगेच फोन. बाई स्वतःला आहारतज्ज्ञ म्हणवत होत्या, विकत होत्या व्हिटॅमिन एच्या गमी, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या. ‘डोळ्यांचा प्रश्न आहे, रोज एक नको, दोन गमी द्या.’ बाटली निम्म्या दिवसांत संपेल, हा हिशोब तेव्हा सुचला नाही. मी जरा बिचकले तर म्हणाल्या, ‘आरोग्य मोहिमेत मुलांना एकदम २ लाख युनिट देतात, त्यापुढे हे काय!’

बाटलीवर समोर गाजराचं चित्र आणि ‘नैसर्गिक’. मागे बारीक अक्षरांत ‘रेटिनिल पाल्मिटेट’. ते गाजराचंच शास्त्रीय नाव असेल, असं मी खुशाल धरून चालले. गाजरातलं असतं ते बीटा-कॅरोटीन. शरीर त्यातून गरजेपुरतंच व्हिटॅमिन ए बनवतं. गाजर फारच झालं तर तळवे पिवळट दिसतात, एवढंच. रेटिनिल पाल्मिटेट म्हणजे मात्र तयार व्हिटॅमिन ए. जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साचत राहतं.

तीन आठवड्यांनी लेकीच्या डॉक्टरांना बाटली दाखवली. त्यांनी पाठीमागचा आकडा वाचून कागदावर गणित मांडलं. एका गमीत २५०० आययू, म्हणजे बाई म्हणाल्या तीच ‘युनिट’. १ आययू म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम, म्हणून ७५० मायक्रोग्रॅम. दोन गमींचे १५००. या वयाची रोजची गरज साधारण ३०० ते ४००, आणि तयार व्हिटॅमिन एची वरची मर्यादा ६००. दूध पावडरमधलं वेगळंच. लेबलवर मायक्रोग्रॅम छापले असते, तरी मला काही कळलं असतं का, कोण जाणे.

२ लाखांचं खरं होतं, पण अर्धंच. तो डोस चार ते सहा महिन्यांतून एकदा, जिथे ही कमतरता मोठ्या प्रमाणावर आहे तिथे, नोंद ठेवून देतात. रोजच्या गमीशी त्याची तुलनाच होत नाही.

उलट्या, त्वचा सोलवटणं, भूक मंदावणं, चिडचिड, सगळं डॉक्टरांनी विचारलं. चिडचिड होती, गमीमुळे की येणाऱ्या दाढांमुळे, सांगता येत नाही. गमी त्याच दिवशी बंद केल्या. अंडं, दूध, पालेभाजी, पिवळी-केशरी फळं-भाज्या, त्यात थोडं तेल किंवा तूप, म्हणजे नीट शोषलं जातं, एवढंच त्यांनी सांगितलं.

घरी येऊन तीच प्रश्नावली पुन्हा भरली. या वेळी सगळी उत्तरं उत्तम दिली: सगळ्या भाज्या खाते, रोज अंडं, अंधारात स्वच्छ दिसतं. निकाल तोच, ‘तीव्र कमतरता’. दोन्ही निकालांचे स्क्रीनशॉट पाठवून पैसे मागितले, तर ‘उघडलेली बाटली परत घेत नाही’. न उघडलेल्या दोन बाटल्यांबद्दल विचारलं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. परवा त्याच बाईंचा फोन आला, आता म्हणे लेकीला लोह कमी पडतंय.