जुनं सामान कुठे विकावं: ॲपवर, सोसायटीच्या ग्रुपवर की दुकानदाराला?

भाड्याचा फ्लॅट सोडायला तीन आठवडे उरले होते. सागवानी दिवाण, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एक कपाट, एवढं विकायचं होतं. सगळं एकाच वाटेने गेलं नाही, त्यामुळे कुठे काय खपतं आणि कुठे कोण टपलेलं असतं, हे थोडं कळलंय.

भाव सगळ्यात चांगला येतो तो ॲपवरच्या जाहिरातीला, कारण बघणारे पुष्कळ. बघणाऱ्यांत भामटेही आलेच. दिवाणाचे फोटो टाकून दहा मिनिटं झाली नसतील, तोच फोन. समोरचा अगदी अदबशीर हिंदीत बोलत होता: लष्करात आहे, पुण्यात बदली झालीय, न्यायला माणूस येईल, पैसे आत्ताच घ्या. वाळवी आहे का, जिन्यातून उतरेल का, काही नाही. चौदा हजार सांगितले, चौदा हजार कबूल! आपल्याकडे मेथीच्या जुडीवरही घासाघीस होते. मग व्हॉट्सॲपवर गणवेशातल्या ओळखपत्राचा फोटो आला आणि मागोमाग क्यूआर कोड. म्हणे, स्कॅन करा, पैसे जमा होतील.

यूपीआयवर पैसे घ्यायला आपल्याला स्कॅनही करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची मुलगी जुना सोफा विकताना अशीच फसली. आधी खातं बरोबर आहे ना बघायला म्हणून थोडी रक्कम खरोखर जमा झाली. मग कोड स्कॅन करताच २० हजार गेले, ‘चुकीचा कोड गेला’ म्हणून दुसरा आला आणि आणखी १४ हजार गेले. ती आधीची छोटी रक्कम म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. अनोळखी माणसाने यूपीआयवर ‘पैसे मागण्याची’ विनंती पाठवायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालीय, पण क्यूआरचा खेळ चालूच आहे. दुसरा प्रकार म्हणजे ‘चुकून पाच हजार जास्त गेले, तेवढे परत करा’ आणि सोबत बँकेसारखा दिसणारा मेसेज. मेसेज वाचत बसू नका, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यांत पसरायच्या आत गोठवता आली तरच हाती काही लागतं.

ईमेलचा त्रास वेगळा. जाहिरातीत रोजचा पत्ता दिला, तर ‘तुमची जाहिरात बंद होणार, इथे लॉगिन करा’ छापाची पत्रं येत राहतात. जीमेलच्या पत्त्यात अधिकचं चिन्ह घालून ‘जाहिरात’ असं शेपूट जोडता येतं, म्हणजे कचरा कुठून येतोय ते दिसतं. पण शेपूट कापलं की खरा पत्ता उघडाच. त्यापेक्षा विक्रीपुरतं नवं खातं काढावं, सामान गेलं की बंद करावं. फोन नंबरही जाहिरातीत नको, ॲपमधल्या चॅटवर बोलता येतं.

सोसायटीच्या ग्रुपवर फसवणुकीची भीती जवळपास नाही, भिडेची आहे. ‘यांना विचारून सांगते’ यात आठवडा जातो. फ्रिज सी विंगमधल्या काकूंनी नेला. दाराचं रबर बोटाने दाबून पाहिलं, आत डोकं घालून वास घेतला, बर्फाचा ट्रे एकच का म्हणून पाचशे कमी केले. पण पैसे समोर, आणि फ्रिज लिफ्टने खाली.

जुन्या सामानाचा दुकानदार निम्मा भावसुद्धा देत नाही. मात्र टेम्पो त्याचा, हमाल त्याचे, रोख हातावर. माझं वॉशिंग मशीन आठ वर्षांचं, खडखडणारं; ते त्यालाच दिलं, कपाटही त्याच फेरीत गेलं. नवी वस्तू घेणार असाल तर एक्स्चेंजही बघा, फक्त आधी एक्स्चेंजशिवायचा भाव विचारून घ्या.

तेव्हा वस्तू चांगली आणि हातात वेळ असेल तर ॲप. आठवड्यात घर सोडायचं असेल तर भाव विसरा, दुकानदाराला बोलवा. मधलं सगळं ग्रुपवर.

दिवाण शेवटी ॲपवरूनच गेला. हडपसरहून एक जोडपं मोजपट्टी घेऊन आलं, दिवाण उलटा करून पाय ठोकून पाहिले, तासभर हुज्जत घालून साडेअकरा हजारांवर आले. पैसे खात्यात दिसेपर्यंत मी दिवाण उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नाही. त्यांना त्याचा राग आला नाही, उलट चहा मागितला.