मंगल कार्यालयात वायफाय बसवून घेतलं, पावसाळा काढून मग लिहितोय

हा रिव्ह्यू मे महिन्यातच लिहायचा होता, पण म्हटलं थांबू, कोकणात एक पावसाळा निघाल्याशिवाय कुठल्याच वायरीचं कौतुक करू नये. आता दिवाळी पण झाली आणि सगळं चालू आहे, म्हणून लिहितो. लांबलंय जरा, पण ज्यांचं हॉल, लॉज, हॉटेल असं काही आहे त्यांनी वाचा, तुमचे पैसे वाचतील.

आमचं राजापूर तालुक्यात मंगल कार्यालय आहे. पुढे हॉल, मागे लॉन, आणि साधारण ७० मीटरवर वेगळ्या इमारतीत वऱ्हाडासाठी १० खोल्या. खोल्यांची इमारत जुनी, चिऱ्याची, भिंती फूटभर जाड. मी आणि दादा दोघं बघतो, हिशोब माझ्याकडे म्हणून मग कॉम्प्युटर माझ्याकडे आणि कॉम्प्युटर माझ्याकडे म्हणून वायफायच्या शिव्यापण माझ्याकडे.

आधीचा प्रकार सांगतो. फायबर कंपनीने दिलेला फुकटचा राउटर ऑफिसमध्ये, हॉलमध्ये रेंज नाही म्हटल्यावर दुकानदाराने बूस्टर दिला, लॉनवर नाही म्हटल्यावर दुसरा बूस्टर, खोल्यांकडे नाही म्हटल्यावर तिसरा. मोबाईलमध्ये आमच्याच नावाची चार नेटवर्कं दिसायची, रेंजच्या काड्या फुल्ल आणि नेट काही चालायचं नाही. पासवर्ड काउंटरवर कागद चिकटवून लिहिलेला, त्याच नेटवर्कवर बिलिंगचा कॉम्प्युटर, त्याच्यावरच प्रिंटर, कॅमेऱ्याचा डब्बा, सगळं एकत्र. एका साखरपुड्याला नवऱ्याकडच्या एका कारट्याने काउंटरमागच्या टीव्हीवर स्वतःच्या मोबाईलवरनं गाणी लावली होती, आमचा पोरगा रिमोट शोधत बसला, बंद केलं की परत चालू. तेव्हा हसलो. तोच पोरगा आमच्या बिलाच्या कॉम्प्युटरपर्यंतपण पोचू शकला असता हे मला फार नंतर कळलं.

फेब्रुवारीत मात्र हसायची वेळ राहिली नाही. नवरीचा सख्खा भाऊ कॅनडात, त्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून फोटोग्राफरने यूट्यूबवर लाईव्ह लावलेलं. अंतरपाट धरला आणि लाईव्हवर ते गोल चक्र फिरायला लागलं, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट बाजूला झाला तरी चक्र फिरतंयच. नवरीच्या वडिलांनी बिलातून एक रुपया कापला नाही पण जाताना जे शांतपणे बोलले ना, त्यापेक्षा कापले असते तर बरं झालं असतं.

मग ओळखीतनं रत्नागिरीची दोन पोरं मिळाली, कंपन्यांचं आणि हॉटेलांचं नेटवर्किंगच करतात. नाव टाकत नाही, तेच म्हणाले की काका आत्ताच फोन आवरत नाहीयेत. (यावर पुढे बोलायचंच आहे मला.)

पहिली गोष्ट मला आवडली ती म्हणजे आल्या आल्या कोटेशन नाही दिलं. मोठा होता त्याने विचारलं, नेट नेमकं कधी जातं? मी म्हटलं कधीपण जातं. म्हणे नाही काका, आठवून सांगा. मग आठवत गेलो तर लक्षात आलं की सकाळचं लग्न सुरळीत होतं, संध्याकाळच्या रिसेप्शनला बोंब. रिसेप्शनला लोक कमी असले तरी बोंब. आणि तक्रार अशी की पासवर्ड बरोबर घेतो पण 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' यावरच अडकतं. मी काय करायचो, राउटर बंद करून चालू करायचो की चालायचं. दोन वर्षं मी हेच करत होतो आणि मनात फायबर कंपनीला शिव्या घालत होतो.

तो तिथेच भटारखान्याच्या दारात पाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटवर बसला, लॅपटॉप मांडीवर, राउटरमध्ये शिरला आणि दोन मिनिटांत स्क्रीन माझ्याकडे वळवली. म्हणे राउटर प्रत्येक मोबाईलला एक नंबर देतो, तुमच्या राउटरकडे असे २५३ नंबर आहेत आणि एकदा दिलेला नंबर तो २४ तास त्या मोबाईलच्या नावावर ठेवतो. म्हणजे सकाळचं वऱ्हाड जेवून घरी जाऊन झोपलं तरी त्यांचे नंबर अडकलेलेच, संध्याकाळी आलेल्याला द्यायला नंबरच शिल्लक नाही. आपल्याकडे कसं, पहिल्या पंगतीचे लोक उठून गेले तरी पाटावर रुमाल टाकून ठेवलेले. राउटर बंद केला की तो दिलेले नंबर विसरायचा म्हणून परत चालायचं.

त्याने तिथल्या तिथे ती मुदत २४ तासांवरून २ तासांवर आणली. एक पैसा न घेता. नंतर नवीन राउटर बसवला तेव्हा नंबरही वाढवून ५०९ केले, पण खरा इलाज तो पहिल्या दिवशीचाच. मी दुकानदाराकडनं तीन बूस्टर घेतले होते हो.

बूस्टरचं पण तेव्हाच कळलं. आमचे होते ते स्वस्तातले, त्यात एकच रेडिओ, त्याच चॅनलवर ऐकायचं आणि त्याच चॅनलवर पुढे बोलायचं, त्यामुळे स्पीड निम्म्यावर येतो. त्यात ज्या जागी मुळातच रेंज नाही तिथे बूस्टर लावला तर तो बिचारा काय बूस्ट करणार. काड्या फुल्ल दिसतात त्या बूस्टरपर्यंतच्या, त्याच्या मागचं आपल्याला दिसतच नाही.

आता काय बसवलं ते. टीपी-लिंक कंपनीची ओमाडा म्हणून धंद्यासाठीची वेगळी मालिका येते ती घेतली. हॉलमध्ये ईएपी ६१० (वायफाय सोडणारा डबा) दोन, लॉनवर ईएपी २२५ आउटडोअर एक (तो पाण्यापावसात चालतो), खोल्यांच्या पॅसेजमध्ये वर एक खाली एक, ऑफिसमध्ये त्यांचाच राउटर ज्याला दोन कंपन्यांच्या लाईन लागतात, आणि ओसी २०० म्हणून एक छोटा कंट्रोलर, जो या सगळ्यांना सांभाळतो. सगळ्यांना मिळून एकच नाव, माणूस हॉलमधून लॉनवर गेला की मोबाईल आपोआप तिकडच्यावर जातो. वायफायच्या डब्यांना वेगळा प्लग लागत नाही, नेटच्याच केबलमधून करंट जातो, त्यासाठी स्विच (सगळ्या केबल जिथे जोडतात ती पेटी) तसा घ्यावा लागतो. सगळं धरून, फायबर, मजुरी, पाइप, लाखाच्या आत बसलं. दादा म्हणाला एवढ्यात एक जनरेटर आला असता. जनरेटर आहे आपल्याकडे, तरी म्हणाला.

हॉलमध्ये मी म्हणत होतो एकच मोठा ताकदवान बसवा मध्ये. तो म्हणे, काका, रिकाम्या हॉलमध्ये चालेल, पण माणूस म्हणजे पाण्याचा हंडा, सिग्नल पितो, ६०० हंडे मधे उभे केल्यावर काय पोचणार. म्हणून दोन्ही बाजूंना, डोक्यांच्या वर. आणि गंमत म्हणजे बसवल्यावर त्याने पॉवर कमी केली! मी म्हटलं अरे पैसे दिलेत, पूर्ण सोड की. त्याचं म्हणणं असं की स्टेजवरच्या भटजींकडे माईक आहे, शेवटच्या रांगेतल्या मामाकडे नाही. मामाला मंगलाष्टक ऐकू येतं पण मामाने दिलेलं उत्तर भटजींना ऐकू येत नाही. मोबाईलचा आवाज बारीकच असतो, डब्याचा कितीही वाढवला तरी. शिवाय लांबचा डबा जोरात ओरडत असला की मोबाईल त्यालाच धरून बसतो, जवळच्यावर येत नाही. हे डोक्यात बसायला मला दोन दिवस लागले पण पटलं.

चॅनलचंही तसंच, २.४ गिगाहर्ट्झमध्ये (वायफायचा लांब पोचणारा पण हळू पट्टा) चॅनल बरेच दिसतात पण एकमेकांच्या पायात न येणारे तीनच, १, ६ आणि ११, आमचे आधीचे सगळे एकावरच भांडत होते. ते त्याने वाटून दिलं. बाकी लांबचं जाऊ दे.

केबलची गोष्ट मात्र सांगतोच. हॉलमध्ये आधीच केबल टाकलेली होती, मी म्हटलं तीच वापर, खर्च वाचेल. त्याने टोक कापलं, आतली एक तार काढली आणि ब्लेडने खरवडली. वरून तांब्याचा रंग, आतून पांढरीफटक. ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. सहज वाकवली तर तुटली. म्हणे यातून डेटा जाईल कसाबसा पण करंट पाठवला तर लांबवर दमच राहत नाही, डबा मधेच बंद पडून चालू होत बसेल आणि तुम्ही मला फोन कराल. कव्हरवर मात्र झोकात कॅट सिक्स (चांगल्या नेट केबलचा दर्जा) छापलेलं. ती तार मी पाकिटात ठेवली होती दुकानदाराला दाखवायला, अजून गेलो नाही. तुम्ही केबल घेताना ब्लेड घेऊन जा, खरंच सांगतो.

खोल्यांकडे जाणारी केबल आधी दोनदा जळलेली आमची. वळवाच्या पावसात वीज कडाडली की दुसऱ्या दिवशी पोर्ट (केबल खोचायची जागा) काळा. वीज अंगावर पडायलाच लागते असं नाही, जवळपास पडली तरी लांब तांब्याच्या तारेतून झटका येतो आणि दोन्ही टोकांची मशीनं जातात. म्हणून ऑफिस ते खोल्या त्यांनी फायबर टाकलं, पाइपातून, जमिनीखालनं. काच आहे ती, करंट जातच नाही त्यातून. लॉनवरच्या डब्याला केबलच आहे पण तिला सर्ज प्रोटेक्टर आणि अर्थिंग. यंदा मे अखेरीला रात्री असा काही गडगडाट झाला की शेजारच्यांचा टीव्ही गेला, सकाळी मी आधी चप्पल न घालता स्विच बघायला गेलो. सगळे हिरवे दिवे चालू. रिव्ह्यूला एक स्टार तर त्या सकाळचाच.

खोल्यांत मात्र चिऱ्याने दमवलं. पॅसेजमध्ये झकास, दार लावलं की कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत ५ गिगाहर्ट्झ (वेगवान पण भिंतीत अडकणारा पट्टा) मरतो, २.४ येतो. व्हॉट्सॲप, यूट्यूब चालतं, फार अपेक्षा ठेवू नका. त्याने आधीच सांगितलं होतं की खोलीत एक छोटा डबा लागेल, मीच नको म्हटलं, तेव्हा हे माझ्या खात्यावर.

पाहुण्यांचं नेटवर्क आता वेगळं केलंय, त्यावरून बिलिंगचा कॉम्प्युटर, प्रिंटर, टीव्ही काहीच दिसत नाही आणि एका पाहुण्याला दुसऱ्याचा मोबाईलही दिसत नाही. खोल्यांना व्हाउचर (ठराविक वेळ चालणारा कोड) देतो, चेक-आउटच्या वेळेला बंद होतं. एक लक्षात ठेवा, व्हाउचरचं पान कंट्रोलरवर चालतं, त्याचा प्लग कोणी काढला तर बाकी वायफाय चालू राहील पण नवीन माणसाला व्हाउचर टाकता येणार नाही. आमच्या सफाईवाल्या मावशींनी मोबाईल चार्जिंगला लावायला एकदा काढला होता म्हणून माहितीये. आता तो प्लग वर आहे, हात पोचत नाही अशा जागी, छोट्या यूपीएसवर, नाहीतर लाईट गेली की जनरेटर चालू होईपर्यंत सगळं परत पहिल्यापासून.

आणि लाईव्हवाल्याला वायफाय द्यायचंच नाही! स्टेजच्या बाजूला भिंतीत एक पोर्ट काढून दिलाय, थेट वायर. फुल एचडी लाईव्हला दहाएक एमबीपीएस अपलोड सलग लागतो, आणि सहाशे लोक हवेतून भांडत असताना तो सलग मिळणं अवघड. राउटरमध्येही त्या पोर्टला आधी मान दिलाय. मे महिन्यात ११ लग्नं झाली, एकाही लाईव्हला चक्र फिरलं नाही. आता बुकिंगला आलेल्यांना वहिनी हॉल दाखवताना तो पोर्ट पण दाखवते, देवक बसवायची जागा, नवरीची खोली आणि हा पोर्ट.

आता तक्रारी. काम चार दिवसांचं सांगून नऊ दिवस लागले, मधे दोन दिवस फोन उचलला नाही, तिसऱ्या दिवशी हसत हजर. सगळे पासवर्ड आणि कुठली केबल कुठे जाते याचा कागद मी तीनदा मागितल्यावर दिला, तो पहिल्या दिवशी लिहूनच घ्या, नाहीतर उद्या तो दुबईला गेला की आपण बसा भिंती खणत. बिलात 'कॉन्फिगरेशन' म्हणून एक वेगळी ओळ होती, विचारल्यावर थोडी कमी केली, म्हणजे विचारलं नसतं तर? ज्ञान पाच स्टार, वेळ दोन स्टार, तुम्हीच सरासरी काढा.

सध्या एकच राहिलंय. भटारखान्यात रेंज नाही, स्टीलची मांडणी आणि पत्रा दोन्ही मधे येतात, आणि आचारी आता यादी व्हॉट्सॲपवर मागवतो. फोन केला तर म्हणे काका, तुळशीच्या लग्नाच्या आधी नक्की येतो. तुळशीचं लग्न परवा आहे. आमचं पहिलं बुकिंग २७ तारखेचं आहे, बघू त्याच्या आधी येतोय का.