फ्लिप ६ की चार्ज ५: घरासाठी आणि बाहेरसाठी

बेळगाव-खानापूर पट्ट्यात बिनतारी स्पीकर घेताना आवाजाआधी पावसाचा विचार करावा लागतो. जेबीएलचे फ्लिप ६ आणि चार्ज ५ हे दोन्ही आयपी६७ दर्जाचे आहेत, म्हणजे त्यांच्यात धूळ शिरत नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही ते टिकतात. त्यामुळे जांबोटीच्या पावसात दोन्ही सारखेच निर्धास्तपणे नेता येतात.

खरा फरक वजनात आणि बॅटरीत आहे. फ्लिप ६ साधारण ५५० ग्रॅमचा असून १२ तास चालतो, आणि राजहंसगड चढताना पिशवीत त्याचा भार होत नाही. चार्ज ५ जवळजवळ एक किलोचा असला, तरी तो २० तास चालतो, ४० वॅटचा आवाज देतो आणि वीज गेल्यावर त्यावर मोबाइलही चार्ज करता येतो, ही सोय खेड्यात फार मोलाची आहे. (हे तास कंपनीचे आहेत, मोठ्या आवाजात ते बरेच घटतात.) अंगणातल्या भजनात मृदंगाचा खर्ज उघड्यावर विरून जातो, तिथे चार्ज ५ निःसंशय सरस ठरतो. टिळकवाडीतल्या दोन खोल्यांच्या घरात मात्र फ्लिप ६ पुरेसा आहे. जुना टीव्ही ऑक्सच्या (हेडफोनसारखी पिन असलेल्या) तारेने जोडायचा असेल, तर दोन्ही घेऊ नयेत, कारण ती सोय दोहोंतही नाही.